शाईची साक्ष

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आज सकाळी प्रदर्शनात शाळेच्या पहिल्या जनरल रजिस्टरमध्ये आपण आपली नावे शोधत होता. ते पाहताना मला तंजावरचा एक कागद आठवला.

गेल्या उन्हाळ्यात मी कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील काही गावांत गेले होते. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात स्थापलेले तेथील भोसल्यांचे राज्य १८५५ मध्ये लयाला गेले. पण मराठी घरे राहिली आणि सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदही राहिले. अशाच एका घरी भातशेतीचा जुना मोडी कागद दाखवण्यात आला. त्यातील शेवटची ओळ मागाहून घातली, असा भाऊबंदांचा आक्षेप होता. दोन पिढ्यांचा अबोला त्या एका ओळीवर उभा होता.

अशा कागदाची परीक्षा कशी होते? काजळी व डिंकाची शाई अवरक्त प्रकाशात काळीच राहते. हिरडा व हिराकस यांची शाई त्या प्रकाशात फिकी पडते किंवा दिसेनाशी होते. डोळ्यांना सारख्याच काळ्या भासणाऱ्या दोन शाया कागदाला धक्का न लावता वेगळ्या ओळखता येतात. बॉलपेनच्या शाईतील रंगद्रव्ये क्रोमॅटोग्राफीने सुटी करता येतात. बॉलपेन सर्रास वापरात आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. म्हणून १९३० सालच्या म्हणवल्या जाणाऱ्या कागदावर त्याची शाई सापडली, तर तो कागद तिथेच खोटा ठरतो.

मात्र शाईच्या साक्षीलाही मर्यादा आहेत. शाई बदलली म्हणजे लबाडी झालीच असे नाही. लेखकाची दौत संपलेली असू शकते. शाई एकच असली म्हणून हात एकच असेल, असेही नाही. म्हणूनच न्यायालय तज्ज्ञाचे मत इतर पुराव्यांशी ताडून पाहते.

आता माझी एक चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या एका शाळेत, एका मुलीचे जन्मवर्ष माझ्याकडून चुकीचे लिहिले गेले. ओरडा बसेल या भीतीने मी तो आकडा खरवडला आणि तशाच शाईने त्यावर नवा आकडा गिरवला. नवा आकडा खरा होता. तरीही पुढे नोकरीच्या वेळी त्या मुलीच्या दाखल्यावर संशय घेतला गेला आणि निर्दोष असून तिला खेटे घालावे लागले. चूक एका रेघेने खोडून, जुना आकडा वाचता येईल असा ठेवून, वर दुरुस्ती, मुख्याध्यापकांची सही आणि तारीख एवढेच हवे होते.

पालकहो, पाल्याची जन्मतारीख थोडी मागेपुढे करून देण्याची विनंती आजही माझ्याकडे येते. मी नकार देते, तेव्हा मला ती मुलगी आणि तंजावरचे ते अबोल घर आठवते. माझ्या नकाराचा राग मानू नका. या रजिस्टरावर आपल्या नातवंडांनाही विसंबता आले पाहिजे.