बाप्तिस्म्याचा वाद आणि शास्त्राचे मौन

शास्त्राच्या अर्थावरून ख्रिस्ती लोकांत वाद झाला, की दोष बहुधा प्रतिपक्षाच्या अज्ञानाला किंवा हट्टाला दिला जातो. १८१२ साली घडलेल्या एका प्रकरणात हा खुलासा टिकत नाही.

अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने त्या वर्षी आपले पहिले मिशनरी हिंदुस्थानाकडे पाठवले. फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सेलम गावी एकत्र दीक्षा मिळालेल्या पाच तरुणांत ॲडोनिराम जडसन, ल्यूथर राइस, सॅम्युएल नॉट आणि गॉर्डन हॉल होते. सारे कॉन्ग्रेगेशनल, म्हणजे तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणारे. सेरामपूरला विल्यम केरीसारख्या, फक्त विश्वास ठेवणाऱ्यांनाच बाप्तिस्मा देणाऱ्या बॅप्टिस्टांची गाठ पडणार, तेव्हा उत्तर तयार असावे म्हणून जडसनने जहाजावर हा विषय अभ्यासायला घेतला आणि त्याचेच मत डळमळू लागले. पत्नी ॲन हिचा आधी या बदलाला विरोध होता. पुढे तिने स्वतः वचने तपासली आणि सप्टेंबरात कलकत्त्यात दोघांनी बुडून बाप्तिस्मा घेतला. मागोमाग राइसनेही घेतला. याची किंमत होती बोर्डाचा आश्रय. हॉल आणि नॉट मात्र आपल्या मतावर राहिले, १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने वारला. जडसनने ब्रह्मदेशात तुरुंगवास सोसला. प्रामाणिकपणात डावे-उजवे करायला येथे जागा नाही.

वचनेही दोन्ही पक्षांपुढे तीच होती. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात लुदिया आणि फिलिप्पैचा बंदिशाळेचा नायक यांचा घरच्यांसह बाप्तिस्मा झाल्याचे येते. त्या घरांत तान्ही मुले होती की नव्हती, हे लेखक सांगत नाही. शोमरोनात विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेणाऱ्या स्त्री-पुरुषांचा उल्लेख आहे, लेकरांचा नाही. वादाचे मूळ या मौनात आहे. एका पक्षाच्या मते अब्राहामाशी केलेल्या करारात आठ दिवसांच्या बाळालाही सुंतेची खूण मिळे; मुलांचे ते स्थान नव्या कराराने काढून घेतलेले नाही, म्हणून ते कायम आहे. दुसरा पक्ष म्हणतो, संस्काराला स्पष्ट आज्ञा किंवा उदाहरण हवे आणि नव्या करारात विश्वास आधी येतो.

म्हणजे खरा मतभेद आहे तो अनुमानाला किती अधिकार द्यायचा, याबद्दल. १६४६ चा वेस्टमिन्स्टर विश्वासनामा शास्त्रातून अपरिहार्यपणे निघणाऱ्या अनुमानालाही शास्त्राचा अधिकार देतो. लंडनच्या बॅप्टिस्टांनी १६८९ साली स्वीकारलेला विश्वासनामा बराचसा त्याच्याच आधारे रचलेला. पण नेमक्या या ठिकाणी त्यात अनुमानाची भाषा गाळून, जे शास्त्रात अवश्य अंतर्भूत आहे तेवढ्याचाच उल्लेख ठेवला आहे.

वसईतल्या कॅथलिक कुटुंबाला हे मौन इतके छळत नाही. ट्रेंटच्या परिषदेने १५४६ मध्ये प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा शास्त्राइतकीच आदरणीय ठरवली आणि बालकांचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, त्या परंपरेत बसतो. प्रॉटेस्टंटांना तो आधार पुरेसा वाटत नाही. शास्त्रावरच अखेरचा भरवसा ठेवल्याने मौनाचा अर्थ लावण्याचा भार त्यांच्यावर अधिक पडतो.

अनुमानाचा नियम कोणता, हे एखाद्या वचनाने ठरत नाही. वाचक तो सोबत घेऊनच वचनाकडे येतो. मंडळ्यांच्या चर्चांत वचनांच्या याद्या मांडण्यापूर्वी दोन्ही पक्षांनी आपापला नियम उघडपणे सांगावा.