पॅनेलखाली हवा खेळू द्या



विदर्भातलं मे महिन्याचं ऊन आपण जाणता. एवढं ऊन, म्हणजे छतावरची सौर पॅनेलं आता सर्वांत जास्त वीज देणार, असं कुणालाही वाटेल. पण पॅनेलला हवा असतो प्रकाश. उष्णता त्याला मानवत नाही.

पॅनेलवर छापलेले वॉट हे आतल्या सिलिकॉन सेलचं तापमान २५ अंश धरून मोजलेले असतात. अकोल्यात पारा ४४ वर गेला की भर दुपारी हेच सेल सत्तर अंशांच्या पुढे तापतात. सेल तापला की व्होल्टेज उतरतं. करंट किंचित वाढतो, पण त्यानं तूट भरून निघत नाही. एका अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के शक्ती घटते. म्हणजे ३ किलोवॉटच्या संचाच्या क्षमतेतले चारशे-पाचशे वॉट नुसत्या तापण्यानं जातात. फेब्रुवारीतल्या निरभ्र, वाऱ्याच्या दुपारी तोच संच कितीतरी खुलून चालतो.

मे महिन्याचा पारा आपल्या हाती नाही. पॅनेल कसं बसवायचं, हे मात्र आहे. पॅनेल पुढून आणि मागून, दोन्हीकडून उष्णता सोडतं. ते तापलेल्या पत्र्याला चिकटवून बसवलं की मागची वाट बंद होते आणि तापमान आणखी चढतं. म्हणून पत्रा आणि पॅनेल यांत निदान वीतभर जागा सोडायला सांगा. काम उरकण्याच्या घाईत ही जागा खाल्ली जाते, आणि पुढची पंचवीस वर्षं नुकसान घरमालक सोसतो. याची मला फार हळहळ वाटते. स्लॅबवर दक्षिणेकडे तोंड करून तिरपी बसवलेली पॅनेलं मागून मोकळी असतात. त्यांच्याखाली अडगळ रचून खालून खेळणारा वारा अडवू नका.

कोकणातल्या श्रोत्यांनी मात्र जपून. गार करणारा वाराच पॅनेल उचलूही शकतो. जून २०२० मधलं निसर्ग चक्रीवादळ रायगडकर विसरलेले नाहीत. तिथं उंची वाढवायची तर सांगाडा आणि त्याची पकड तेवढीच भक्कम हवी.

आणि पॅनेल गार करायला भर दुपारी पाण्याचा पाइप घेऊन गच्चीवर जाऊ नका. तापलेल्या काचेवर थंड पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. धूळ धुवायची ती सकाळी, ऊन चढण्यापूर्वी.