शस्त्रक्रियेच्या टेबलावरील नकार

असाध्य आजाराचा रुग्ण आपले हृदय बंद पडल्यास ते पुन्हा चालू करू नये असे विचारांती ठरवतो, तेव्हा डॉक्टर त्याच्या केसपेपरवर जी नोंद करतात तिला ‘डीएनआर’, म्हणजे पुनरुज्जीवन न करण्याचा आदेश, असे म्हणतात. छाती दाबून हृदय चालू करण्याची पद्धत जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी १९६० मध्ये मांडली. पुढे ती मरणासन्न रुग्णांवरही सरसकट वापरली जाऊ लागली, आणि १९७६ मध्ये बॉस्टनच्या रुग्णालयांनी या नकाराविषयीचे लेखी नियम प्रसिद्ध केले.

अशा रुग्णालाही कर्करोगाने अडलेले आतडे मोकळे करण्यासाठी किंवा मोडलेल्या खुब्याच्या वेदना थांबवण्यासाठी शस्त्रक्रिया हवी असते. मात्र भूल दिल्यावर श्वास मंदावतो, रक्तदाब उतरतो, आणि श्वासनलिकेत नळी घालणे, रक्तदाब वाढवणारी औषधे देणे ही भूलतज्ज्ञाची नेहमीचीच कामे असल्यामुळे भूल कोठे संपते आणि पुनरुज्जीवन कोठे सुरू होते हे सांगणे कठीण होते. शिवाय शस्त्रक्रियागृहात हृदय थांबल्याचे तत्क्षणी कळते, कारणही बहुधा दूर करता येते. म्हणून शस्त्रक्रियेपुरता आदेश बाजूला ठेवावा, या युक्तिवादात तथ्य आहे. परंतु त्याच्या बळावर अनेक रुग्णालये रुग्णाला न विचारताच आदेश स्थगित करीत, हे अन्यायाचे होते, कारण वेदनेवरील उपचाराला दिलेली संमती म्हणजे मरणाविषयीचा निर्णय मागे घेणे नव्हे.

अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९३ मध्ये आणि शल्यचिकित्सकांच्या संघटनेने १९९४ मध्ये अशी आपोआप स्थगिती अमान्य करून शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाशी फेरविचाराची चर्चा करावी असे सांगितले. रुग्ण आदेश पूर्णपणे थांबवू शकतो, छाती दाबण्यासारखे ठरावीक उपचार तेवढे नाकारू शकतो, किंवा औषधाच्या परिणामाने हृदय क्षणभर थांबले तर ते चालू करावे, पण व्हेंटिलेटरवर कायमचे जगणे नको, असे आपले उद्दिष्ट सांगून निर्णय डॉक्टरांवर सोपवू शकतो. हा तिसरा मार्ग सर्वांत माणुसकीचा आहे. तथापि, ज्या भूलतज्ज्ञाने हे बोलणे ऐकले तोच टेबलाशी उभा नसेल, तर त्या विश्वासाला आधार उरत नाही, म्हणून हे सारे लिहून संपूर्ण चमूला कळवावे लागते.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे असाध्य अवस्थेत कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. त्यामुळे येथील शल्यचिकित्सकांनाही हा संवाद टाळता येणार नाही. त्यात स्थगित आदेश पुन्हा केव्हा लागू होणार, भुलीचा अंमल उतरल्यावर की रुग्ण वॉर्डात परतल्यावर, हेही रुग्ण शुद्धीवर असतानाच ठरले पाहिजे.