माग, ऊस आणि रिकामं न्यायपीठ



सिद्धरामेश्वरांच्या सोलापुरात आपलं मनापासून स्वागत. आंतरराष्ट्रीय संस्था राज्यघटनेसारख्या कायद्याखाली चालू शकतात का, हा आपल्या परिषदेचा विषय. त्यासाठी स्वागताध्यक्ष म्हणून यंत्रमागवाला का निवडला, ते संयोजकांनाच ठाऊक! पण हा विषय आमच्या दारावरूनच जातो.

श्रीमंत देशांनी 1974 पासून गरीब देशांच्या कापडावर कोटे घातले होते. कुणी किती माल पाठवायचा, ते घेणाऱ्याच्या मर्जीवर. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे ते टप्प्याटप्प्याने उठले आणि 1 जानेवारी 2005 ला संपले. लहानाने मोठ्याला नियम दाखवावा आणि मोठ्याने तो मानावा, हे त्यात दिसलं. घटना म्हणजे दुसरं काय असतं?

मग ऊस आला. आमचा जिल्हा साखर कारखान्यांचा. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या साखर धोरणाविरुद्ध त्याच संघटनेकडे तक्रार केली. डिसेंबर 2021 मध्ये निकाल आपल्या विरुद्ध गेला. त्याच महिन्यात भारताने अपील केलं. कुणापुढे? अपील मंडळाच्या जागा सात, सुनावणीला लागतात तिघे. अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे डिसेंबर 2019 पासून तेवढेही उरले नव्हते, पुढे तर एकही नाही. अपील पडून, निकाल लटकलेला.

माझे भाऊबंद ऊस लावतात. खरं सांगतो, तेव्हा मला बरंच वाटलं. पण उद्या कुणी आमचे टॉवेल अडवले, तर आम्हीही त्याच रिकाम्या खुर्च्यांपुढे उभे राहणार, हे ध्यानात यायला जरा वेळ लागला.

जॅकार्डच्या पुठ्ठ्यातलं एक भोक बुजलं, की चादरीच्या प्रत्येक फुलात तोच दोष उमटतो. विणकराला दोष देऊन भागत नाही, माग थांबवून पुठ्ठा बदलावा लागतो. अपील मंडळावरच्या नेमणुकीला सगळ्या सभासदांची संमती लागते, एकाने मान हलवली की संपलं. माझ्या मते बुजलेलं भोक ते. एकट्याची आडकाठी चालणार नाही अशी नेमणूक कशी करायची आणि बलाढ्य सभासद ती मानेल कसा, याची चर्चा या दोन दिवसांत व्हावी.

दुपारी जेवायला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आहे. भाकरी मोडायला थोडा जोर लावावा लागेल, सांभाळून घ्या.