सालामो आरुख : मुष्टियोद्धा किती, दंतकथा किती?

(आपल्या प्रार्थनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा ध्वनिमुद्रणावरून उतरविलेला मजकूर)



'ट्रायम्फ ऑफ द स्पिरिट' हा १९८९ सालचा चित्रपट मागे याच सभागृहात दाखविण्यात आला. तो संपल्यावर जी चर्चा झाली तिच्यात दोन तट पडले, हे आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल. तरुण मंडळींचा प्रश्न असा होता, की हा सालामो आरुख खरोखरच बाल्कन प्रदेशाचा मिडलवेट विजेता होता काय, आणि आउशविट्झमध्ये त्याने खरोखरच दोनशेहून अधिक लढती केल्या काय? वडील मंडळींचे म्हणणे असे, की शोआतून वाचून आलेल्या माणसाला असले प्रश्न विचारणे हेच मुळी अनुचित. त्या चर्चेचा समारोप झालाच नाही. म्हणून समितीने हा विषय मजकडे सोपविला.

प्रथम माणसाची ओळख करून घेऊ. आरुख यांचा जन्म १९२३ सालचा, ग्रीसमधील सालोनिका शहरातला. त्या शहरात युद्धापूर्वी सुमारे पन्नास हजार यहुदी राहत होते. त्यांची घरातली भाषा ग्रीक नव्हती, हिब्रूही नव्हती. ती होती लादिनो, स्पेनमधून हाकलले गेलेल्या पूर्वजांनी बरोबर आणलेली. आपण या देशात इतकी वर्षे राहूनही स्वयंपाकघरात मराठीच बोलतो, तेव्हा ही गोष्ट आपणांस फोडून सांगावयास नको. सालोनिकाच्या बंदरातील हमाल बहुतांशी यहुदी असत आणि एके काळी शाब्बाथच्या दिवशी ते बंदर बंद राही. त्यांतले कित्येक जण १९३० नंतरच्या दशकात हैफा बंदरात कामाला आले. अशा कष्टकरी, बळकट माणसांच्या वस्तीत मुष्टियुद्धाला मान असावा यात नवल नाही. आरुख यांना पहिले धडे वडिलांनी दिले. वयाच्या चौदाव्या वर्षी, १९३७ साली, ते प्रथम लढले. त्यांच्या पदलालित्यामुळे त्यांना 'बॅले नर्तक' म्हणत. हे नाव लक्षात ठेवा, त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

१९४३च्या मार्चपासून ऑगस्टपर्यंत सालोनिकाचे यहुदी मालगाड्यांत कोंडून आउशविट्झला पाठविले गेले. आरुख १५ मे १९४३ रोजी तेथे पोहोचले. आईवडील आणि भावंडे त्यांनी तेथे गमावली. त्यांच्या सांगण्यानुसार, नव्या कैद्यांत मुष्टियोद्धा कोण आहे असे एका अधिकाऱ्याने विचारले, जमिनीवर रिंगण आखले, आणि तेथून त्यांच्या लढतींना आरंभ झाला. आठवड्यातून दोन-तीन वेळा, अधिकाऱ्यांच्या करमणुकीसाठी, पैजा लावून त्यांना लढविले जाई. वजनाचा गट नाही, ठराविक फेऱ्या नाहीत; एक जण कोसळेपर्यंत लढावयाचे. स्वतःच्या अंदाजाने अशा २०८ लढती त्यांनी केल्या. त्यांत एकही हरली नाही. दोन बरोबरीत सुटल्या, त्या आजारपणामुळे.

आता या आकड्याकडे जरा थांबून पाहू या. मे १९४३पासून जानेवारी १९४५पर्यंत, म्हणजे छावणी रिकामी करण्यात आली तोपर्यंत, सुमारे सत्त्याऐंशी आठवडे होतात. २०८ला ८७ने भागले तर आठवड्याला जवळपास अडीच लढती पडतात. म्हणजे आकडा अशक्य नाही. परंतु दुसऱ्या बाजूनेही गणित करून पाहा. आठवड्याला दोन लढती आणि वर्षाचे बावन्न आठवडे, अशी दोन वर्षे धरली तर उत्तर बरोबर २०८ येते. माझा तर्क असा, की ही मोजणी नव्हे, हा गुणाकार आहे. पुष्कळ वर्षांनी कोणी तरी विचारले असेल, "एकंदर किती?" आणि माणसाने मनाशी हिशेब करून एक संख्या सांगितली असेल. अंदाज म्हणून सांगितलेली संख्या पुढे वृत्तपत्रांनी विक्रम म्हणून छापली. यात सांगणाऱ्याचा खोटेपणा मला दिसत नाही. छापणाऱ्यांचा उतावीळपणा मात्र दिसतो.

तुलनेसाठी आउशविट्झमधील दुसरा एक मुष्टियोद्धा घेऊ. तादेउश प्येत्शिकोव्स्की हा पोलंडचा, बँटमवेट गटातला, ख्रिस्ती कैदी. १९४०च्या जूनमध्ये आलेल्या पहिल्याच तुकडीतला. त्याचा क्रमांक होता ७७. मार्च १९४१मध्ये त्याची पहिली लढत वाल्टर ड्यूनिंग नावाच्या जर्मन कापोशी झाली. ड्यूनिंग हा पूर्वीचा मिडलवेट खेळाडू, वजनाने सत्तर किलोंच्या आसपास, पोटभर खाणारा. आणि समोर पन्नास किलोंच्याही आत उतरलेला उपाशी तरुण. तरीही प्येत्शिकोव्स्कीने त्याला नामोहरम केले. बक्षीस म्हणून पाव मिळाला आणि हलके काम मिळाले. मार्च १९४३मध्ये दुसऱ्या छावणीत रवानगी होईपर्यंत, म्हणजे दोन वर्षांत, त्याच्या लढती ४० ते ६० झाल्या असे मानले जाते. तो एकदा हरलाही. त्याला हरविणारा होता लेन सँडर्स, रॉटरडॅमचा यहुदी मिडलवेट विजेता, ज्याची पत्नी आणि मुले त्याच छावणीत मारली गेली. हरल्यानंतर प्येत्शिकोव्स्कीला कोणी विषारी वायूच्या कोठडीत पाठविले नाही. आरुख सांगत, की हरलेला बहुधा मरणाच्या वाटेला लागे. दोघांपैकी एक खोटे बोलतो असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. आउशविट्झ ही एक छावणी नव्हती. मुख्य छावणी, बिर्केनाउ आणि मोनोविट्झ ही तीन निरनिराळी जगे होती. शिवाय यहुदी कैद्याच्या जिवाची किंमत आणि पोलिश कैद्याच्या जिवाची किंमत तेथे सारखी नव्हती. १९४१ आणि १९४३ यांतही अंतर आहे.

मग मुष्टियोद्धा म्हणून आरुख यांची खरी योग्यता कोणती? येथे स्पष्ट बोलावयास हवे. मिडलवेट म्हणजे १६० पौंड, सुमारे साडेबहात्तर किलो. छावणीत अर्धपोटी राहणाऱ्या माणसांच्या झुंजींना ही मोजपट्टी लागू पडत नाही. समोरचा प्रतिस्पर्धी कधी तरबेज असेल, कधी केवळ दांडगा, आणि कधी आमांशाने खंगलेला व पायांवर उभाही राहू न शकणारा. अशा दोनशे विजयांवरून एखाद्याची तुलना विश्वविजेत्यांशी करणे म्हणजे मुष्टियुद्धाचाही अपमान आणि त्या पराभूतांचाही. चित्रपटाने बहाल केलेली बाल्कन विजेतेपदाची पदवी मी बाजूला ठेवतो. सालोनिकाच्या मैदानात घडलेला, चपळ पायांचा, चांगल्यापैकी हौशी खेळाडू, एवढे मी मान्य करतो.

मात्र 'बॅले नर्तक' या नावात खरे मर्म आहे. मुष्टियुद्धाची पहिली विद्या मारण्याची नव्हे, मार चुकविण्याची. ज्याचे भांडवल नुसता दणकट ठोसा, तो भुकेने बळ ओसरताच संपतो. ज्याला अंतर राखता येते, कमीत कमी श्रमांत बाजूला सरकता येते, त्याची विद्या अशक्त शरीरातही काही काळ टिकते. प्येत्शिकोव्स्कीचेही कौशल्य हेच होते. उलट पक्षी, केवळ विद्येने कोणी वाचला असेही नाही. ट्यूनिसचा व्हिक्टर 'यंग' पेरेझ हा १९३१ साली फ्लायवेट गटाचा विश्वविजेता झालेला यहुदी. गुणवत्तेने आरुख यांच्यापेक्षा कितीतरी पायऱ्या वर. त्यालाही मोनोविट्झमध्ये लढविले गेले, आणि १९४५च्या जानेवारीत पायी हाकलून नेताना त्याला गोळी घालण्यात आली. तेव्हा जो वाचला तोच श्रेष्ठ खेळाडू, हे चित्रपटाचे समीकरण मी मानीत नाही.

टीकाकार १९५५ सालच्या लढतीकडे बोट दाखवितात. आरुख तोपर्यंत तेल अवीवमध्ये स्थायिक झाले होते. बेर्गेन-बेल्सेनच्या मुक्ततेनंतर भेटलेल्या आपल्याच गावच्या मार्ता या मुलीशी लग्न करून ते येथे आले आणि सामान वाहतुकीचा व्यवसाय करू लागले. जून १९५५मध्ये त्यांनी अमलेतो फाल्चिनेल्ली या इटालियन खेळाडूशी व्यावसायिक लढत दिली आणि चार फेऱ्यांत ते हरले. 'अपराजित' म्हणविणाऱ्याचे पितळ उघडे पडले, असे यावरून म्हणतात. हा न्याय मला पटत नाही. बत्तीस वर्षांच्या, दोन छावण्या भोगलेल्या, दिवसभर लोकांची कपाटे जिन्यावरून चढविणाऱ्या माणसाने एक लढत हरणे यातून १९४३विषयी काहीच सिद्ध होत नाही.

खरा गंभीर आक्षेप वेगळा आहे आणि तो जॅको राझोन यांचा. राझोनही सालोनिकाचेच, तेही मुष्टियोद्धे, तेही आउशविट्झमधून वाचून याच देशात आलेले. चित्रपट निघाला तेव्हा ते म्हणाले, की ही कथा माझी आहे, आरुख यांनी ती घेतली. प्रकरण न्यायालयात गेले आणि तडजोडीने मिटले. तडजोड म्हणजे निर्णय नव्हे. म्हणून कोणाच्याही बाजूने ढोल वाजविणे योग्य नाही. माझे मत विचाराल तर ते असे, की दोघेही तेथे होते आणि दोघेही लढले. एकाच शहरातले, एकाच संस्कारात वाढलेले खेळाडू एकाच नरकात सापडले, तर त्यांच्या कथा एकमेकींत मिसळणारच. अपराध घडला तो पुढे. एकच नायक हवा या चित्रपटाच्या गरजेने सँडर्स, पेरेझ, राझोन अशा अनेकांचे अनुभव एका नावाखाली गोळा झाले, आणि ते नाव धारण करणाऱ्यानेही त्याला पुरेसा विरोध केला नाही. हा ठपका आरुख यांच्यावर राहतो, तो मी पुसणार नाही.

"शंका कशाला घ्यावी?" या वडील मंडळींच्या प्रश्नाला आता उत्तर देतो. शोआ घडलाच नाही म्हणणारे लोक जगात आहेत आणि अशा फुगलेल्या आकड्यांवर ते टपून बसलेले असतात. तो आकडा त्यांनी फोडण्याआधी आपण स्वतः तपासलेला बरा. आणि आपल्या समाजाला तर हा नाजूकपणा अधिक कळावा. नवगावच्या किनाऱ्यावर तारू फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची कथा आपण तोंडी परंपरेने जपली. तिचा कागद कोणाकडेही नाही. याच देशात आपल्या यहुदीपणाविषयी शंका घेतली गेली आणि १९६४ साली आपल्या माणसांना जेरुसलेममध्ये धरणे धरून बसावे लागले. ऐकीव कथेला कागद नाही म्हणून ती खोटी ठरविणारी नजर कशी असते हे आपण सोसले आहे. पण म्हणून सात जोडपी म्हणजे मोजून चौदाच माणसे, असा हट्टही आपण धरीत नाही. तोच न्याय आरुख यांना लावावा, इतकेच मी म्हणतो.

आरुख २००९ सालच्या एप्रिलमध्ये वारले. समितीला माझी एक सूचना आहे. हा चित्रपट पुन्हा दाखविला जाईल तेव्हा आरंभी दोन मिनिटे राझोन, सँडर्स आणि पेरेझ ही तीन नावे वाचून दाखवावीत, आणि फलकावर 'सत्यकथा' या शब्दाऐवजी 'सत्य घटनांवर आधारित' असे लिहावे. आता कोणास काही विचारावयाचे असल्यास अवश्य विचारावे.