दुरून दिलेला धीर



आपल्या सावेडी उपनगरात तालुक्यांच्या गावांहून शिकावयास आलेली पुष्कळ मुले-मुली खोल्या घेऊन राहतात. कोणी अकोल्याचा, कोणी जामखेडचा, कोणी शेवगावचा. एका खोलीत तिघे-चौघे, शेजारी पातळ भिंत, आणि रात्री घरून चौकशीचा फोन. ह्यांपैकी एखादा तरुण समलैंगिक असला, किंवा एखादी व्यक्ती पारलिंगी असली, तर तिने आपले मन कोणापाशी मोकळे करावे, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. विषयाचे नाव ऐकताच ज्यांचा हात रेडिओ बंद करण्याकडे गेला असेल, त्यांनी कृपा करून पाच मिनिटे थांबावे. हे भाषण मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. समलैंगिकता हा रोग नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच तिला रोगांच्या यादीतून वगळले. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीचे असे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. आणि २०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असा कल ‘बदलून देण्याचे’ उपचार हे डॉक्टराचे गैरवर्तन ठरविले. तेव्हा मुलाला ‘बरा करून आणण्यासाठी’ कोणाकडे नेऊ नये. मनाला ग्रासते ती भीती, चोरटेपणा आणि एकलेपणा. मदत हवी ती ह्यांवर.

ही मदत मिळावी कोठे? आपला जिल्हा सतरा हजार चौरस किलोमीटरांचा, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. अकोल्याहून नगरास यावयाचे म्हणजे शंभरावर किलोमीटर. देशात लाख लोकांमागे एकही मनोविकारतज्ज्ञ पुरता पडत नाही, आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत. शिवाय गावच्या दवाखान्यात बाकावर शेजारीच कोणी ओळखीचे बसलेले असते! यास्तव सल्ला दुरून मिळणे ही ह्या मुलांची चैन नव्हे, गरज आहे.

आणि दुरून सल्ला देण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. घरात ज्यांचा उच्चारही करता येत नसे, असे प्रश्न वाचक पत्राने विचारीत व कर्वे मासिकातून उत्तरे देत. त्या प्रश्नोत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांत समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न होते. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. मासिक मात्र १९५३ साली कर्वे वारले तोवर चालले. विचारणाऱ्याचे तोंड कोणाला दिसत नाही, हेच पत्राचे बळ होते.

सांप्रत ते बळ दूरध्वनीत व भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आले आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू केली. क्रमांक १४४१६, विनामूल्य, अहोरात्र, आणि मराठीतूनही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ सेवा २०१२ पासून दूरध्वनीने व ई-मेलने सल्ला देत आली आहे. मला ई-मेलचे महत्त्व विशेष वाटते. ज्या खोलीत चौघे झोपतात तेथे बोलता येत नाही, लिहिता येते.

मराठीचा आग्रह मी मास्तर म्हणून धरीत नाही. आपल्या बोलीत ह्या लोकांसाठी जे शब्द रूढ आहेत, ते बहुतेक शिव्या आहेत. स्वतःविषयी बोलावयास ज्याच्यापाशी शिवीखेरीज शब्द नाही, तो काय बोलणार? पुण्यात बिंदुमाधव खिरे ह्यांनी २००२ साली ‘समपथिक’ संस्था काढली आणि मराठीतून ह्या विषयावर पुस्तके लिहिली. मला त्यांचे हे काम फार मोलाचे वाटते. सल्लागाराने ‘मी समलैंगिक आहे’ हे वाक्य न अडखळता ऐकून घेतले, तरी निम्मे ओझे उतरते.

आता घरातील वडीलधाऱ्यांना विनंती. ही सर्व सोय एका गोष्टीवर अवलंबून आहे: मुलाचा फोन त्याचा राहू द्यावा. त्याच्या नकळत त्यातील पत्रव्यवहार चाळणे, संशय येताच फोन काढून घेणे, ह्याला आपण काळजी म्हणतो. पण ज्या तरुणाला गावात कोणी नाही, त्याचा तो एकच उघडा दरवाजा असतो, आणि तो आपण बाहेरून कडी घालून बंद करतो. लग्नाची घाई हाही असाच एक ‘उपाय’; त्यात आणखी एका परक्या मुलीचा वा मुलाचा जन्म वाया जातो.

दुरून मिळणाऱ्या मदतीला मर्यादा आहेत. तारेपलीकडचा माणूस हात धरू शकत नाही. मूल जेवेनासे झाले, झोपेनासे झाले, जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलू लागले, तर त्याला एकटे सोडू नये. जवळच्या रुग्णालयात न्यावे आणि कारणाची उलटतपासणी तेथे मांडू नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ अन्वये लैंगिक कलावरून सेवेत भेदभाव करता येत नाही, हेही ध्यानात असावे.

क्रमांक पुन्हा सांगतो, लिहून घ्यावा: एक-चार-चार-एक-सहा. घरात कोणाला लागेल हे ठाऊक नसले, तरी दूरदर्शनसंचाशेजारी चिकटवून ठेवावा, आणि कोणी फिरविला तर कशासाठी, असे विचारू नये.