वाटेचे वाटेकरी



या व्यासपीठावरून आपण राजकारण ऐकता, वाङ्मय ऐकता, अध्यात्म ऐकता. अशा ठिकाणी सायकलीचा विषय घेऊन उभे राहणे म्हणजे पंक्तीत श्रीखंडाच्या जागी ठेचा वाढण्यासारखे आहे. परंतु वऱ्हाडी माणूस ठेच्याला नाक मुरडीत नाही, या भरवशावर आम्ही आलो आहोत.

‘आम्ही’ म्हणजे कोण, हे आधी सांगितले पाहिजे. आम्ही म्हणजे अमरावती-अकोल्याकडचे, पहाटे अंधारात सायकली काढून निघणारे लोक. दूध किंवा वर्तमानपत्रे टाकण्यासाठी आम्ही निघत नाही. आम्हांस वेगाची हौस आहे. परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट चढावा, उतरताना कानांत वारा भरावा, हे आमचे सुख. त्या सुखाची निंदा करण्यास आम्ही आलेलो नाही. त्या सुखाची किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागते काय, एवढेच आज पाहावयाचे आहे.

आपल्याकडचा उन्हाळा आपणांस ठाऊक आहे. वैशाखात अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. सकाळी आठ वाजले की रस्ता तापू लागतो. त्यामुळे ज्याला म्हणून शरीर हलवावयाचे आहे तो पहाटेच्या त्याच दीड तासात घराबाहेर पडतो. अकोल्यात कृषी विद्यापीठाचे रस्ते घ्या किंवा अमरावतीत वडाळी आणि छत्री तलावाकडचे घ्या. त्या वेळी तेथे जत्रा असते. डॉक्टरांनी मधुमेहासाठी चालायला सांगितलेले गृहस्थ असतात, चौघी जणी गप्पा मारीत जाणाऱ्या बाया असतात, भरतीसाठी धावणारी पोरे असतात, पट्ट्याला कुत्रे बांधून निघालेली मुले असतात, आणि या सर्वांतून वाट काढणारे आम्ही असतो. वाट एक आणि वाटेकरी अनेक.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. अमरावतीस तलावाच्या रस्त्याने आम्ही पाच जण एकामागे एक, ताशी तीस किलोमीटरच्या आसपास, चाललो होतो. पुढे काठी टेकीत एक वृद्ध गृहस्थ चालले होते. आमच्यातल्या पुढच्याने घंटी वाजवली, पण अगदी पाठीशी आल्यावर. ते दचकले आणि ज्या अंगाने आम्ही निघणार होतो नेमक्या त्याच अंगाला सरकले. पुढच्याने ब्रेक दाबला आणि तो खडीवर आपटला. वृद्ध गृहस्थांस सायकल लागली नाही; पण ते मटकन रस्त्याच्या कडेला बसले. त्यांचा हात थरथरत होता. ते आम्हांवर रागावले असते तर बरे झाले असते. ते इतकेच म्हणाले, “घंटी आयकू आली बावा, पन कोन्या अंगानं येऊन राह्यले ते समजलं नाई.”

पुढे काही दिवस ते दिसले नाहीत. मग एकदा दिसले. पण आता ते डांबरी सोडून कडेच्या गोट्यांतून चालत होते, आणि मागे पान वाजले तरी वळून पाहत होते. औषध म्हणून ज्याला चालणे सांगितले आहे त्याचे ते औषध आम्ही कडू करून टाकले होते. अपघात झाला नाही, म्हणून पोलिसांत नोंद नाही आणि कोणत्या आकड्यांत हे बसत नाही. परंतु म्हातारपणी माणूस पडला आणि खुब्याचे हाड मोडले तर तो महिनोन् महिने अंथरुणाला खिळतो, कधी पुन्हा उठतही नाही. त्यांची भीती खोटी नव्हती.

त्या सकाळपासून आम्हांस एक गोष्ट छळू लागली. आम्ही स्वतः ट्रकवाल्यांच्या नावाने किती बोटे मोडतो! अमरावती-अकोला महामार्गावर 2022 च्या जूनमध्ये पंचाहत्तर किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत घातला गेला आणि त्याचे नाव गिनेसच्या विक्रमांच्या बुकात गेले. रस्ता गुळगुळीत झाला, वाहने सुसाट झाली. तेथे मागून भोंगा वाजवीत एखादा ट्रक दंडाला वारा घालून गेला की आमच्या तोंडून चार शब्द निघतात. “माणसे दिसत नाहीत का यांना? भोंगा वाजवला म्हणजे झाले का?” असे आम्ही म्हणतो. तेच आम्ही तलावावर आलो की घंटी वाजवतो आणि समजतो की झाले! महामार्गावर ट्रक आमच्यासाठी जे आहे तेच तलावावर आम्ही त्या काठीवाल्या गृहस्थांसाठी आहोत. फरक फक्त वजनाचा आहे, वागणूक तीच.

आता थोडा हिशेब करू. ताशी तीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला आठ मीटरांहून थोडे अधिक. पुढे काही दिसले, मनाला कळले आणि बोटे ब्रेकवर दाबली, यात सेकंद गेलाच. तेवढ्यात आठ मीटर संपले. मग कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने थांबण्यास आणखी आठ-नऊ मीटर लागतात. म्हणजे एकूण सतरा मीटर. ताशी पंधराच्या वेगाने तोच सर्व व्यवहार साडेसहा मीटरांत उरकतो. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट होत नाही, तो चौपट होतो. उलट वाचते किती? दोन किलोमीटरची गर्दीची वाट तिसाच्या वेगाने चार मिनिटांत सरते, पंधराच्या वेगाने आठ मिनिटांत. चार मिनिटे! घरी येऊन चहाच्या टपरीवर आपण याहून अधिक वेळ घालवतो. ही चार मिनिटे वाचवण्यासाठी कोणाचा खुबा पणाला लावावा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

घंटीविषयी तर आमची समजूत मुळातच चुकीची होती. घंटी हा हुकूम आहे असे आम्ही धरून चाललो होतो. ती विनंती आहे. विनंती केली म्हणजे उत्तराची वाट पाहावी लागते. 2016 साली लंडन शहरात भर रस्त्यावर एका तरुण सायकलस्वाराची धडक एका पादचारी स्त्रीला बसली आणि ती पुढे दगावली. तो दोनदा ओरडला होता. त्याच्या सायकलीला पुढचा ब्रेक मात्र नव्हता. मनुष्यवधाच्या आरोपातून तो सुटला. पण 1861 च्या, घोडागाड्यांच्या काळातल्या कायद्याखाली बेफाम वाहन हाकल्याबद्दल 2017 साली त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. ओरडणे म्हणजे थांबणे नव्हे, हे त्या एका खटल्याने जगाला सांगितले. आपल्याकडेही सायकलीला परवाना लागत नाही म्हणून कायदाच लागत नाही, असे कोणी समजू नये. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 281 सार्वजनिक रस्त्यावर कोणतेही वाहन बेदरकारपणे चालवून जिवाला धोका आणणाऱ्याला लागते. त्यात मोटार असा शब्द नाही.

परदेशात यावर काय विचार झाला आहे? जपानात जेथे पादचाऱ्यांच्या वाटेवर सायकलीला मुभा आहे तेथे सायकलीने सावकाश जावयाचे आणि चालणाऱ्याला अडथळा होत असेल तर थांबावयाचे, असा कायदा आहे. ब्रिटनने 2022 च्या जानेवारीत आपल्या रस्त्याच्या नियमावलीत असे तत्त्व घातले की ज्याच्या हातून अधिक इजा होऊ शकते त्याच्यावर जबाबदारी अधिक.

परंतु हे शिकण्यासाठी लंडनला कशाला जावे? आपल्या वावराच्या धुऱ्यावर जावे. धुऱ्यावरून समोरून डोक्यावर कडब्याचा भारा घेतलेली बाई आली तर रिकाम्या हाताचा माणूस तासात उतरतो आणि तिला वाट देतो. तो पाटील असो की सालदार. ओझे ज्याच्यावर, वाट त्याची. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी खांद्यावर घेऊन अनवाणी येणाऱ्या कावडी अकोल्याने पिढ्यान् पिढ्या पाहिल्या आहेत. राजराजेश्वराकडे निघालेल्या त्या कावडीला कोणी मागून भोंगा वाजवीत नाही, कारण खांद्यावर भार आहे हे सर्वांना दिसते. पहाटे चालणाऱ्या म्हाताऱ्याच्या खांद्यावरही भार असतो. वयाचा असतो, दुखऱ्या गुडघ्याचा असतो, मंद झालेल्या कानांचा असतो. तो दिसत नाही, एवढेच. सायकलीवर बसलेले आम्ही त्या वाटेवरचे रिकाम्या हातांचे लोक आहोत. तासात उतरावयाचे ते आम्ही.

म्हणून आम्ही स्वतःस काही नेम घालून घेतले आहेत. ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिला नेम असा की माणसे दिसली की वेग धावणाऱ्याच्या वेगाइतका आणावयाचा. वेगाची तहान भागवावयाची असेल तर माणसे नसलेला रस्ता शोधावा किंवा आणखी लवकर उठावे. मोबाईलवर कोण किती मिनिटांत तलाव फिरला याच्या याद्या लागतात; त्या यादीत नाव लागावे म्हणून फिरायच्या वाटेवर शर्यत लावणे हा आम्ही आता गुन्हा समजतो.

दुसरा नेम घंटीचा. ती वीस-पंचवीस मीटर लांबून, एकदाच आणि हलकी वाजवावयाची. नंतर तोंडाने सांगावयाचे, “काका, उजवीकडून येतो.” आवाजात माणूस असतो, त्याने दचकायला होत नाही आणि बाजूही कळते. तरीही समोरच्याने ऐकल्याची खूण दिली नाही तर तो बहिरा आहे किंवा त्याच्या कानात गाणे चालू आहे असे धरून चालण्याच्या वेगाने मागे राहावयाचे.

तिसरा नेम अंतराचा. हात लांब केला तरी लागणार नाही इतकी जागा सोडून पुढे जावयाचे. तेवढी जागा नसेल तर पाय टेकावा. पाय टेकण्याने कोणाची अब्रू गेल्याचे ऐकिवात नाही. लहान मूल आणि कुत्रे दिसले तर ते आडवे येणारच, असे समजावे. मूल एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला असली तर मूल आईकडे धावणार हे ठरलेले. कुत्रे आणि मालक यांच्यामध्ये पट्टा असतो, आणि पहाटेच्या अंधारात तो दिसत नाही.

चौथा नेम टोळीने जाणाऱ्यांसाठी. एकामागे एक जावे. “मागून आणखी चौघे आहेत” असे पहिल्याने सांगावे. कारण एक सायकल गेली की माणूस निर्धास्त होऊन पुन्हा मध्ये येतो, आणि दुसरी त्याला लागते. पाचवा नेम असा की दोन्ही ब्रेक चालू असावेत आणि दिवा खाली जमिनीकडे वळवलेला असावा. हल्लीच्या पांढऱ्या दिव्यांनी समोरच्याचे डोळे दिपतात आणि त्याला आपण दिसण्याऐवजी काहीच दिसेनासे होते.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1914 पासून या मुलखाला बळाची उपासना शिकवली. आखाड्यात लाठी फिरवणाऱ्याचे खरे कौशल्य कशात? समोरच्याच्या अंगाला स्पर्श होण्याआधी लाठी रोखण्यात. जोर सर्वांनाच करता येतो. रोखता येणे ही तालीम आहे. आम्ही पायांची तालीम पुष्कळ केली, बोटांची केली नाही.

फिरणाऱ्यांनाही आमची एक नम्र सूचना आहे. चौघांनी हात धरून सारा रस्ता अडवू नये, आणि मागून आवाज आला तर एकदम उडी न मारता आपल्या रेषेत चालत राहावे. पण ही सूचना आहे, अट नव्हे. त्यांनी ती पाळली नाही म्हणून आमचे कर्तव्य कमी होत नाही. आणि महानगरपालिकांना एक विनंती आहे. वाटा रुंद करणे पैशाचे काम आहे, त्याला वेळ लागेल. पण तलावाच्या रस्त्यावर पहाटे साडेपाच ते सातपर्यंत मोटारी बंद ठेवल्या तर चालणाऱ्यांना आणि आम्हांला दोघांनाही श्वास घेण्यापुरती जागा मिळेल.

आपल्या भाषेने या बाबतीत आम्हांवर उपकार करून ठेवले आहेत. ‘वाट पाहणे’ या एकाच शब्दप्रयोगात तिने रस्त्याकडे लक्ष ठेवणे आणि थांबणे या दोन्ही गोष्टी बसवल्या. वाटेवर ज्याला वाटा हवा असेल त्याने या दोन्ही अर्थांनी वाट पाहिली पाहिजे.

तलावावरचे ते वृद्ध गृहस्थ अजून फिरायला येतात. हल्ली आमच्यातला पुढचा त्यांना लांबूनच हाक मारतो आणि सायकलीचा वेग कमी करतो. पहिले काही महिने ते हाक ऐकूनही कडेलाच उतरत. गेल्या थंडीत एके सकाळी त्यांनी मागे न वळता नुसता हात वर केला आणि डांबरीवरूनच चालत राहिले. चिखलदऱ्याचा घाट चढून जे समाधान मिळत नाही ते त्या वर केलेल्या हाताने मिळाले.